दहा कपड्यांची यादी आणि अण्णांचं पुडकं

सत्तावीस वर्षं मी सकाळी उठून ‘आज काय घालू?’ असा विचार केलेला नाही. फरीदाबादच्या ज्या कारखान्यात मी पंप तपासायला होतो, तिथे सगळ्यांना युनिफॉर्म होता. राखाडी शर्ट, निळी पॅन्ट, खिशावर कंपनीचं नाव. मोठ्या साहेबांपासून गेटवरच्या माणसापर्यंत सगळे सारखे, फरक काय तो पोटाच्या घेराचा. वर्षाला तीन जोड मिळायचे. रविवारी मी मागच्या वर्षीचा युनिफॉर्म घालायचो आणि मयूर विहारच्या बाजारात भाजी आणायला जायचो. भाजीवाला मला इलेक्ट्रिशियन समजायचा आणि अधूनमधून मीटरबद्दल सल्ला विचारायचा. मी द्यायचोही.

गेल्या डिसेंबरात कंपनीने मला गुडगावच्या हेड ऑफिसात हलवलं. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: ड्रेस कोड, बिझनेस कॅज्युअल. ती मी तीनदा वाचली. बिझनेस कळत होतं, कॅज्युअलही कळत होतं. दोन्ही एकाच वेळी अंगावर कसं चढवायचं, ते कळेना.

कपाट उघडलं. अकरा युनिफॉर्म, लग्नात घालायचे तीन कुर्ते, आणि सोसायटीच्या गणपतीत मिळालेला एक भगवा टी-शर्ट, पाठीवर ‘कार्यकर्ता’ असं छापलेला. शेवटी पहिल्या सोमवारी मी युनिफॉर्मच घातला आणि खिशावरचं नाव स्वेटरखाली झाकलं. लिफ्टमध्ये एक तरुण माझ्याकडे वळून अगदी अदबीने म्हणाला, “भैया, चौथे फ्लोर का एसी देख लिया?”

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बायको हसली आणि मुलीने लॅपटॉप उघडला. मुलगी चोवीस वर्षांची आहे, नोएडात नोकरी करते, आणि जगातले बहुतेक प्रश्न एका एक्सेल शीटने सुटतात असं तिचं मत आहे.

“बाबा, तुला कपडे नकोयत. तुला सिस्टम हवीय,” ती म्हणाली. “दहा गोष्टी. बस. पण अशा, की वरची कुठलीही खालच्या कुठल्याहीवर गेली पाहिजे. प्लेन, बेसिक. सकाळी डोळे मिटून हात घाल, जे येईल ते घाल.”

यादी अशी होती: दोन पांढरे शर्ट, दोन आकाशी. तीन पॅन्ट: राखाडी, निळी, बिस्किटी. एक राखाडी स्वेटर. एक तपकिरी बुटांचा जोड. आणि दहावा, एक नेव्ही ब्लू कोट.

तपासणी खात्यातला माणूस असल्यामुळे मी लगेच गुणाकार केला. “चार शर्ट, तीन पॅन्ट, बारा. स्वेटर घालून आणि न घालून, चोवीस. कोट घालून आणि न घालून, अठ्ठेचाळीस. म्हणजे मी अठ्ठेचाळीस दिवस वेगळा दिसेन?”

“वेगळा नाही रे. ठीक दिसशील. सध्या एवढंच टार्गेट ठेवू या.”

आमच्याकडून करोल बागला मेट्रो सरळ जाते. एका शनिवारी आम्ही बापलेक गेलो. मला वाटलं होतं, साधा पांढरा शर्ट मागायचा आणि घेऊन यायचं. पण दिल्लीत सगळ्यात दुर्मिळ वस्तू कुठली असेल तर ती साधा पांढरा शर्ट. पहिल्या दुकानदाराने माझी मागणी ऐकली, आवाज खाली आणला आणि सहानुभूतीने विचारलं, “चौथे में जाना है, सर?” चौथा म्हणजे इथे माणूस गेल्यावर चौथ्या दिवशी बसतात ते. मी म्हटलं, नाही हो, ऑफिसात जायचंय. त्याचा चेहरा उजळला. “फिर प्लेन क्यों, सर? ऑफिस में भी तो लोग देखते हैं!” आणि त्याने काउंटरवर असे शर्ट पसरले की मी दोन पावलं मागे सरलो.

जे बाहेरून प्लेन दिसत होते तेही दगाबाज होते. कॉलर उलटावी तर आत फुलं. बाही दुमडावी तर आत चौकडी. एकाला सगळी बटणं पांढरी आणि शेवटचं लाल. मुलगी प्रत्येक शर्ट आतून बाहेरून उलटा करून बघत होती आणि म्हणत होती, “भैया, प्लेन. बिल्कुल प्लेन. अंदर से भी प्लेन.” सत्तावीस वर्षं मी पंप तपासले, पण इतक्या कडकपणे नाही. पाचव्या दुकानात शर्ट मिळाले, आठव्यात पॅन्ट. बूट घेताना दुकानदाराने सुचवलं की टोकदार घ्या, उंच दिसाल. मुलगी म्हणाली, “इन्हें लंबा नहीं, ठीक दिखना है.” त्या बिचाऱ्याने टोकदार जोड परत खोक्यात ठेवला.

नऊ वस्तू झाल्या. घरी सोफ्यावर मांडल्या. बायको कौतुकाने बघत होती. मुलगी म्हणाली, “आता फक्त कोट. पुढच्या शनिवारी बघू.”

“कोट विकत घ्यायचा नाही,” बायको म्हणाली. “अण्णांचं कापड आहे ना.”

मी घाईघाईने बुटांच्या किमतीचा विषय काढला. तो का काढला हे सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

अण्णा म्हणजे माझे सासरे. पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या एका कापडाच्या दुकानात काउंटरमागे त्यांनी एक्केचाळीस वर्षं काढली. दुसऱ्याच्या दुकानात, नोकरीवर. कापड चिमटीत धरून, डोळे मिटून, त्यात लोकर किती आणि लबाडी किती ते सांगायचे. आमच्या लग्नात त्यांनी मला सुटाचं कापड दिलं. शुद्ध लोकरीचं, गडद निळं. दुकानात आलेल्या सगळ्यात चांगल्या ताग्यातलं, कुणाला दाखवायच्या आधी बाजूला काढून ठेवलेलं. शिवून नाही दिलं. म्हणाले, “दिल्लीत शिवा. तिथली थंडी बघून अस्तर घाला.” लोकांना आयुष्यभर सुटाची कापडं फाडून दिली, पण स्वतः कधी कोट शिवला नाही, पुण्यात कोटाची थंडी असते कुठे? दिल्लीचा जावई मिळाला याचा त्यांना जो आनंद झाला, तो माझ्यापेक्षा दिल्लीच्या थंडीचा होता.

मी ते शिवलं नाही. रोज युनिफॉर्म. शिवाय लग्नानंतर तीन महिन्यांत माझं पोट सुटायला लागलं, आणि एवढं चांगलं कापड सुटलेल्या मापाने कशाला शिवायचं, जरा कमी झालं की शिवू, असं मी ठरवलं. दर फोनला अण्णा विचारायचे, “जावईबापू, कापड शिवलंत का?” आणि मी म्हणायचो, “अण्णा, दोन किलो उतरले की लगेच.” या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली.

कापड खाकी कागदात, सुतळीने बांधलेलं, आमच्या पलंगाच्या पेटीत होतं. ही पेटी म्हणजे बायकोचं देण्याघेण्याचं कोठार. आहेरात आलेले शर्टपीस, ब्लाउजपीस, साड्या, टॉवेल, सगळं त्यात. प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी: कुणाकडून, कुठल्या कार्यात. म्हणजे पुढे कुणाला देताना ज्याचं त्यालाच परत जायला नको. अण्णांच्या पुडक्यावरची चिठ्ठी होती: ‘अण्णांकडून. लग्नातलं. देऊ नये.’

तेरा वर्षांपूर्वी बायको आणि मुलगी पुण्याला गेलेल्या असताना आमच्या कारखान्यातल्या फोरमनच्या मुलीचं लग्न आलं. दिल्लीकडचे लोक लग्नात शगुनाचं पाकीट हातात ठेवतात आणि पनीरच्या रांगेत जाऊन उभे राहतात. पण मी पडलो मराठी. मुलीच्या आईबापांना काहीतरी कापड दिल्याशिवाय लग्नाला गेल्यासारखंच वाटत नाही. उशीर झाला होता. मी पलंगाची फळी उचलली, वरचं सामान उपसलं, आणि एक जड पुडकं हाताला लागलं; सोडलं तर आत गडद निळं, देखणं कापड. चिठ्ठी दिसली नाही. खाकी कागद काही देण्यासारखा नव्हता, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून सोनेरी खोका आणला, कापड त्यात घातलं आणि दिलं फोरमनच्या हातात. ‘तुमच्या लग्नातलं कापड ओळखलं नाहीत?’ असं कुणी विचारेल. लग्नात मला सात कापडं आली होती आणि मी एकाकडेही नीट बघितलं नव्हतं. नवरी कोण हे नीट लक्षात राहिलं, हेच पुष्कळ.

घरी परत आलो तर पलंगाखाली, फरशीवर, ती चिठ्ठी पडलेली. ‘देऊ नये.’

त्यानंतर मी जे केलं ते सांगताना आजही मान खाली जाते. पेटीतून एक दुसरं निळं कापड काढलं, सफारीचं टेरीकॉट, चकचकीत. त्याची स्वतःची चिठ्ठी फेकून दिली. ते त्याच खाकी कागदात गुंडाळलं, तीच सुतळी बांधली, आणि अण्णांची चिठ्ठी टोचली. पेटी बंद केली. वाटलं, मी कधी शिवणार नाही, कुणी कधी उघडणार नाही.

आता ते उघडायची वेळ आली होती. आणि तेवढ्यावर भागलं नाही. बायकोने त्याच संध्याकाळी पुण्याला फोन लावून ही आनंदाची बातमी दिली. स्पीकरवर अण्णांचा आवाज आला: “शिवा, शिवा. मी फेब्रुवारीत येतोच आहे. हात लावून बघणार.” अण्णा त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. ‘हा प्रवास शेवटचा’ असं ते दरवर्षी म्हणतात. या वर्षी डॉक्टरही म्हणाले.

फोन ठेवून बायको सोफ्यावरच्या शर्टांजवळ येऊन बसली. मग म्हणाली, “अण्णांनी आयुष्यात एकच वस्तू हट्टाने निवडून दिली, बरं का. बाकी सगळं आईने ठरवलं.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मी सोफ्यावरच्या राखाडी पॅन्टीची घडी घालत होतो. तिची घडी आधीच नीट होती.

दुसऱ्या दिवशी बायकोने पुडकं काढलं, त्याला हळदकुंकवाचं बोट लावलं, आणि सुतळी सोडायला लागली.

“थांब!” मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या फ्लॅटमधला कुत्रा भुंकला. “टेलरसमोरच सोडू. उगाच चुरगळेल.”

“बरं झालं, एवढी तरी काळजी,” ती म्हणाली आणि पुडकं माझ्या हातात दिलं. एखादं तान्हं मूल द्यावं तसं.

मी खाली उतरलो आणि मुलीला फोन केला. ती ऐकत गेली, मग म्हणाली, “बाबा, यार. तेरा साल?”

“तेरा.”

“आणि आईला काहीच डाउट नाही?”

“गाठ तीच होती ना.”

“आजोबांना कळेल?”

“ते डोळे मिटून सांगतात.”

“अच्छा. मग आपल्याला असं कापड शोधायचंय की डोळे मिटलेला माणूसही फसेल. चलो, करोल बाग.”

पुन्हा करोल बाग. दुकानदाराने विचारलं, नेव्ही कसा? मी म्हटलं, निळा. त्याने अकरा निळे काढले. मी सगळ्यांना चिमटीत धरून, डोळे मिटून बघितलं. मला प्रत्येक वेळी फक्त कापड लागलं. दुकानदार मुलीकडे वळून म्हणाला, “पापा को चक्कर तो नहीं आ रहा?” शेवटी सगळ्यात जड आणि सगळ्यात उंची ते घेतलं, मयूर विहारच्या मास्टरजींकडे, म्हणजे आमच्या टेलरकडे, शिवायला टाकलं. खरं पुडकं, म्हणजे खोटं पुडकं, मुलीच्या ऑफिसच्या बॅगेत गेलं आणि तिथून तिच्या कपाटात.

कोट झाला. अंगात घालून मी आरशासमोर उभा राहिलो, खाली बिस्किटी पॅन्ट, आत आकाशी शर्ट. खरं सांगतो, ठीक दिसत होतो. बायको मागे उभी होती. तिने खांद्यावर हात फिरवला आणि पदराने डोळे टिपले. त्या दिवशी मी जेवलो नाही. ती म्हणाली, “आता कशाला वजन उतरवताय? आता तर कोट शिवून झाला.”

फेब्रुवारीत अण्णांना आणायला विमानतळावर गेलो ते कोट घालूनच, बायकोचा हुकूम. व्हीलचेअर बाहेर आली. मी नमस्काराला वाकलो. अण्णांनी आशीर्वादाला हात वर केला, तो वाटेत माझ्या बाहीवर थांबला. दोन बोटं. चिमूट. डोळे मिटले. मी वाकलेलाच.

“छान,” अण्णा म्हणाले. “गाडी कुठाय?”

मी सुटलो असं मला वाटलं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. अण्णा ऊन खात, पेपर वाचत, नातीला कापडांच्या गोष्टी सांगत. तिसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत आम्ही दोघंच होतो. पेपरमागून आवाज आला.

“जावईबापू, कोटाचं कापड चांगलं आहे.”

“हो ना, अण्णा.”

“नवीन आहे. गेल्या दोन-तीन वर्षांतलं. मिसळ आहे थोडी, पण वाईट नाही.” पेपर खाली आला. “माझं कुठं आहे?”

खोटं बोलायचं तर निदान दोन वाक्यं तयार हवीत. माझ्याकडे एकही नव्हतं. मी सगळं सांगितलं: लग्न, खोका, चिठ्ठी, टेरीकॉट. सांगून संपलं आणि मागे कपबशी वाजली. बायको चहा घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. चहावर साय धरली होती.

“तेरा वर्षं,” ती म्हणाली. “दर थंडीच्या आधी मी ते पुडकं उन्हात ठेवलं. उलटं ठेवलं, परत सुलटं ठेवलं. कागद विरला तेव्हा वरून दुसरा गुंडाळला. डांबरगोळ्या बदलल्या. कुणाच्या टेरीकॉटला?”

“ते सांगता येणार नाही. त्याची चिठ्ठी मी फेकली.”

हे उत्तर खरं होतं, पण द्यायला नको होतं.

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी मुलीमार्फत बोलली. “तुझ्या बाबांना सांग, वाढलंय.” भाजीत मीठ अगदी बरोबर होतं. तेच जास्त भीतीदायक होतं. मला ओरडली असती, कोट फेकला असता, तर मी कुठेतरी हिशेब चुकता झाला म्हटलं असतं. पण ती रोज तो कोट ब्रश करून हँगरला लावत होती, आणि मला ते बघवत नव्हतं.

अण्णा रागावले नाहीत. ते नुसते विचारत राहिले. फोरमन कसा आहे? अंगाने केवढा? कापड पुरलं असेल का त्याला? त्याने शिवलं का, की त्याच्याही बायकोने पलंगात घातलं? शेवटी म्हणाले, “मला ते बघायचंय.”

“अण्णा, तेरा वर्षं झाली. आता कुठं असणार?”

“असेल तर बघू. नसेल तर फरीदाबाद बघू.”

फोरमन सहा वर्षांपूर्वी रिटायर झाला होता. मी फोन केला. तो म्हणाला, “आ जाओ साब, पूछना क्या.” रविवारी आम्ही चौघं टॅक्सीने गेलो. बायको अण्णांना सोबत म्हणून आली. माझ्याशी अजून बोलत नव्हती. मी वाटेत अण्णांना दोनदा बजावलं, “त्याला काही कळायला नको. त्याची काय चूक?” अण्णा खिडकीबाहेर बघत होते. ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

फोरमन दारात उन्हात, प्लास्टिकच्या खुर्चीवर शेंगा सोलत बसला होता. आणि अंगात कोट. बंद गळ्याचा, गडद निळा. कोपरावर रफू, खिशाची कड झिजून पांढरी, मधलं एक बटण वेगळं. मी ओळखलं म्हणणार नाही. पण अण्णा टॅक्सीतून उतरतानाच थांबले. टॅक्सीच्या दारावरचा त्यांचा हात तसाच राहिला.

फोरमन उठून आला, माझे दोन्ही हात धरले, अण्णांच्या पाया पडला. चहा आला, शेंगा पुढे आल्या. मी कसंबसं विचारलं, “फोरमनसाहब, ये कोट...”

“पहचाना, साब?” तो फुलून म्हणाला. “आपका ही दिया है! अपने हाथ से चुन के दिया था.” मग अण्णांकडे वळला. “बाबूजी, लड़की के बाप को कौन कुछ देता है? ब्याह में सब लेने आते हैं. लेने वालों में इस एक आदमी ने मुझे कपड़ा दिया. मैंने उसी दिन कह दिया था घर में, आगे के सारे ब्याह मैं इसी में निपटाऊँगा.”

आणि त्याने निपटवले होते. दुसऱ्या मुलीचं लग्न, मुलाचं लग्न, दोन नातवंडांची बारशी, स्वतःचा निरोपसमारंभ. आता समारंभ उरले नाहीत म्हणून थंडीत रोज घालतो, म्हणाला. त्याच्या बायकोने आतून एक फोटो आणला. त्यात तो मांडवात उभा, कोट कोरा करकरीत, आणि चेहरा मुलीला निरोप देणाऱ्या बापाचा.

अण्णांनी फोटो बराच वेळ बघितला. मग म्हणाले, “चुन के दिया? अच्छा?” आणि माझ्याकडे बघितलं. मी एक शेंग सालासकट तोंडात टाकली.

“हमारे जावई को,” अण्णा सावकाश म्हणाले, “कपड़े की बहुत समझ है.”

बायकोला एकदम ठसका लागला. मुलीने तिच्या पाठीवर थोपटलं. तिचे स्वतःचे खांदेही हलत होते.

“मैं कपड़े का आदमी है,” अण्णांचं हिंदी लक्ष्मी रोडच्या बाहेर कधी गेलं नव्हतं. “जरा देखूँ?” फोरमनने हात पुढे केला. अण्णांनी बाही धरली. या वेळी चिमटीत नाही, अख्ख्या तळव्याने. रफूवरून अंगठा फिरवला. डोळे उघडेच होते.

“किधर सिलाया?”

“यहीं, बाबूजी. मोड़ पे.”

“खांदे में गड़बड़ है. लेकिन कपड़ा...” पुढचा शब्द त्यांना हिंदीत सापडला नाही आणि मराठीतही त्यांनी शोधला नाही.

परतीला मी टॅक्सीत ड्रायव्हरशेजारी बसलो. बदरपूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा अण्णा म्हणाले, “एक्केचाळीस वर्षं कापड फाडलं. गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरलं की कापड गेलं. पुढं त्याचं काय झालं, कुणी घातलं, कुठं घातलं, कधी दिसलं नाही. आज दिसलं.” गाडी थोडी सरकल्यावर म्हणाले, “पोरीच्या लग्नात दिलेलं कापड पोरीच्या बापालाच गेलं. बरोबर पत्त्यावर गेलं म्हणायचं.” आणि आणखी थोडी सरकल्यावर, “खांदा मात्र चुकलाच.”

बायको खिडकीबाहेर बघत होती. मी आरशातून तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पण तोंडही फिरवलं नाही.

घरी आल्यावर ती मुलीच्या कपाटातून ते पुडकं घेऊन आली. सगळ्यांसमोर मधल्या टेबलावर ठेवलं आणि सुतळी सोडली. दोन कागद सोडले. आतून ते टेरीकॉट निघालं, तेरा उन्हाळे-हिवाळे सांभाळलेलं, एक सुरकुती नाही, तसंच चकचकीत. अण्णांनी चिमटीत धरलं आणि दचकले. “याला काहीही होणार नाही,” ते म्हणाले. “कधीच.”

“मग हे शिवायचं,” बायको म्हणाली. दोन दिवसांनी पहिल्यांदा थेट माझ्याशी. “सफारी. मी याच्यावर तेरा वर्षं काढलीयत. हे तुम्ही घालायचं. ऑफिसला.”

“आई, सिस्टमचं काय?” मुलगी कळवळली. “हे कशावरच जात नाही!”

“कशावर जायचं नाहीच ते. ते एकटंच घालायचं असतं.”

अण्णांनी टेप मागवला. मला हॉलच्या मधोमध उभं करून त्यांनी स्वतः माप घेतलं आणि आकडे मोठ्याने सांगितले; नात लिहून घेत होती. पोटाशी आल्यावर ते थांबले, टेपकडे पुन्हा बघितलं आणि म्हणाले, “सव्वीस वर्षं ज्याची वाट बघत होतात, ते काही कमी झालेलं नाही, जावईबापू.” मास्टरजींना निरोप गेला: खांदा नीट बघा, म्हाताऱ्याने सांगितलंय.

अण्णा पुण्याला परतायच्या आदल्या गुरुवारी सफारी घालून मी गुडगावला गेलो. लिफ्टमध्ये एक बाई माझ्या हातात गाडीची किल्ली देऊन म्हणाल्या, “भैया, बेसमेंट में लगा दो.” मी नम्रपणे सांगितलं की मी गुणवत्ता विभागात आहे. त्यांनी इतक्या वेळा माफी मागितली की शेवटी मला वाटलं, गाडी लावून टाकावी.

दुपारी चष्म्याचं फडकं शोधायला सफारीच्या खिशात हात घातला. बोटाला टाचणी टोचली. आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशी, एक पिवळी पडलेली चिठ्ठी लावलेली होती. बायकोचंच अक्षर. ‘अण्णांकडून’ आणि ‘लग्नातलं’, दोन्ही शब्द निळ्या पेनाने खोडलेले. ‘देऊ नये’ तेवढं ठेवलेलं.

आता माझ्याकडे अकरा कपडे आहेत. दहा एकमेकांवर जातात. अकरावा मी दर गुरुवारी घालतो आणि त्या दिवशी लिफ्टऐवजी जिन्याने जातो.